आधी पाठ विचारा, मग चित्र वाचा : फ्रीडल डिकर-ब्रँडाइसचं प्रकरण

प्रागच्या ज्यू संग्रहालयात सुमारे ४,५०० बालचित्रं जपून ठेवलेली आहेत. नाझींनी ज्यूंना डांबून ठेवण्यासाठी चालवलेल्या तेरेझीन घेट्टोतल्या मुलांनी ती १९४२ ते १९४४ या काळात काढली. त्यातल्या एखाद्या कागदावर काळ्या वळणदार रेघांची दाटी दिसली, की बघणारा चटकन म्हणतो, ‘बघा, किती भीती आहे यात.’ भीती असेलही. पण तो लयीचा सराव असण्याची शक्यता तितकीच असते. शिक्षिका ठेका देते, मुलं त्या ठेक्यावर हात फिरवतात आणि हात फिरला तशी रेघ उमटते. असा पाठ त्या वर्गात खरोखर होता, आणि तो १९१९ च्या आसपास व्हिएन्ना आणि वायमारमध्ये प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा पाठ होता.

तो तिथवर घेऊन जाणारी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार, विणकर आणि अंतर्गत रचनाकार होती. कलोपचाराच्या, म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार करण्याच्या, इतिहासात तिचं नाव सुरुवातीच्या पानांवर येतं, तरी स्वतःला ती उपचारक म्हणवत नव्हती. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिलने १९४२ मध्ये क्षयरोग्यांच्या संदर्भात वापरला. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रीडल तेरेझीनला पोचली. तिचा वर्ग मुलांना उपयोगी पडला तो कशामुळे, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. आमच्या मते त्याचं उत्तर तिने मुलांच्या दुःखाबद्दल विचारलेल्या प्रश्नांत सापडत नाही. ते तिने दिलेल्या पाठांत आहे, आणि पाठ समजून घ्यायचे तर तिचं आधीचं काम नीट बघावं लागतं.

शिक्षणाची तीन वळणं

जन्म व्हिएन्नात, ३० जुलै १८९८. आई लहानपणीच गेली. वडील कागद आणि लेखनसामग्रीच्या दुकानात काम करायचे. आधी छायाचित्रण शिकून झाल्यावर ती व्हिएन्नाच्या उपयोजित कला विद्यालयात कापड विभागात दाखल झाली. तिथे फ्रान्झ चिझेकच्या वर्गात बसायला मिळालं. चिझेक १८९७ पासून मुलांचे कलावर्ग चालवत होता. मुलांच्या चित्रात प्रौढाने दुरुस्ती करायची नाही, हा त्याचा मुख्य आग्रह. आज ही गोष्ट सर्वमान्य वाटते, पण त्या काळी चित्रकलेचा वर्ग म्हणजे नमुना समोर ठेवून नक्कल करणं असंच समजलं जाई.

१९१६ मध्ये ती चित्रकार योहानेस इटेनच्या खाजगी शाळेत गेली आणि १९१९ मध्ये त्याच्या मागोमाग जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कला आणि रचनेच्या शाळेत. इटेनचा तास श्वास आणि शरीराच्या हालचालींनी सुरू व्हायचा. मग लय : एकाच वेळी दोन्ही हातांनी रेघा ओढणं. त्यानंतर विरोधाचे पाठ : उजेड आणि काळोख, खरखरीत आणि गुळगुळीत, जाड आणि बारीक. जुन्या चित्रकारांच्या कामांचं विश्लेषणही असे. पण ते चित्राची कथा सांगायला नसे, त्यातली हालचाल आणि वजन ओळखायला असे. हे चारही घटक पुढे तेरेझीनच्या वर्गात जसेच्या तसे दिसतात.

तिसरं वळण मागाचं. बाउहाउसमध्ये मुलींना बहुतेक विणकाम विभागाकडेच वळवलं जाई. फ्रीडल तिथे विणायला शिकली. शिवाय पुस्तकबांधणी, शिळाछाप आणि मुद्रणाक्षरांची रचनाही शिकली. विणकाम दुय्यम म्हणून मुलींच्या गळ्यात मारलं गेलं, ही तक्रार खरीच आहे. पण फ्रीडलच्या बाबतीत या मागाने दिलेलं शिक्षण इटेनच्या वर्गापेक्षा कमी मोलाचं नव्हतं. कागदावर पोत नुसता दाखवता येतो, मागावर तो बोटांना लागतो. जाड लोकर आणि बारीक सूत एकाच पट्टीत घेतलं तर दोन्हींचा ताण वेगळा पडतो आणि कापड एका बाजूला ओढलं जातं. साहित्य आपलं ऐकतं त्याहून जास्त आपल्याला त्याचं ऐकावं लागतं, हे विणकराला पहिल्याच आठवड्यात कळतं.

१९२३ मध्ये फ्रान्झ सिंगरबरोबर तिने बर्लिनमध्ये कार्यशाळा काढली. नाटकांचे नेपथ्य, वेशभूषा, कापड, बांधणी, जे येईल ते काम. पुढे व्हिएन्नात दोघांचा ‘अटेलिए सिंगर-डिकर’ हा रचना-स्टुडिओ. घडी होणारं, एकात एक सरकणारं फर्निचर आणि त्यावरची कापडं ही तिथली खासियत. ग्योटेहोफ या वसाहतीतल्या माँटेसरी बालवाडीचं अंतर्गत काम त्यांनी १९३० च्या सुमारास केलं. १९३१ मध्ये तिने बालवाडी शिक्षिकांना चित्रकला शिकवायला सुरुवात केली. म्हणजे तेरेझीनच्या आधी दहाएक वर्षं मुलं, जागा आणि साहित्य यांचा एकत्र विचार करायची सवय तिला होती.

अटकेनंतरची रेघ

१९३४ मध्ये डाव्या राजकीय कामामुळे तिला अटक झाली. सुटल्यावर ती प्रागला गेली. अटकेत झालेल्या चौकशीवर तिने चित्रं काढली. ॲनी राइख या मनोविश्लेषिकेकडे तिचे स्वतःचे उपचार झाले. याच काळात तिच्या चित्रांची भाषा बदलली. बाउहाउसची भौमितिक रचना मागे पडली आणि माणसं, फुलं, खिडकीतून दिसणारे रस्ते येऊ लागले. कारागिरी आणि मन यांची गाठ तिच्या स्वतःच्या आयुष्यात इथे पडली. तरी वर्गात तिने मनोविश्लेषणाची भाषा आणली नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

प्रागमध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना ती चित्रकला शिकवायची. मदतीला व्हिएन्नाची तरुण विद्यार्थिनी एडिथ क्रेमर होती. १९३६ मध्ये फ्रीडलने पावेल ब्रँडाइसशी लग्न केलं. १९३८ मध्ये दोघं ह्रोनोव या गावी गेली आणि तिथल्या कापड कारखान्यासाठी तिने पुन्हा कापडाचे नमुने केले.

डिसेंबर १९४२ मध्ये दोघांना तेरेझीनला नेलं. सोबत माणशी ५० किलो सामान नेता येई. फ्रीडलने त्यातला बराचसा भाग कागद, रंग आणि चित्रसाहित्याला दिला. चादरीही रंगवून घेतल्या, म्हणजे मुलांच्या नाटकाला त्या कामी येतील. हा नेपथ्य आणि कापड दोन्ही हाताळलेल्या बाईचा हिशेब : एका वस्तूचे दोन उपयोग.

वर्ग कसा चालायचा

तेरेझीनमध्ये मुलांच्या शालेय शिक्षणाला बंदी होती. चित्रकला, हस्तकला, गाणं मात्र चालत असे. मुलं वयाप्रमाणे आणि मुलगे-मुली अशी वेगवेगळ्या घरांत राहायची. फ्रीडल एल ४१० या मुलींच्या घरात राहायची आणि इतर घरांतल्या मुलांनाही शिकवायची. तीन मजली पलंगांच्या खोल्या, टेबलं अपुरी.

सोबत आणलेला कागद किती दिवस पुरणार? मग कार्यालयातले वापरलेले छापील तक्ते आणि अर्ज आले, कोरी मागची बाजू चित्रासाठी. कोलाजसाठी तर छापील बाजूही चालली. तक्त्यांच्या रेघा, रकाने, आकडे हाच करडा पोत म्हणून वापरला गेला. फाडलेल्या पट्ट्या एकावर एक चिकटवून उजेड-काळोख दाखवायचा. नामवंत चित्रांच्या प्रती समोर ठेवून त्यांची रचना कोलाजमध्ये उतरवण्याचा पाठही होता. मूळ चित्रातल्या माणसाचा चेहरा हुबेहूब यायची गरज नसे. कुठलं वस्तुमान कुठे बसतं एवढं ओळखायचं. ज्या मुलाला चित्र काढता येत नाही असं वाटतं, त्याला हा पाठ सोपा जातो, कारण कात्री आणि फाडलेला कागद ‘चुकीची रेघ’ काढूच देत नाहीत.

दुसरे पाठ : श्वासाबरोबर रेघ, ठेक्यावर रेघ, साध्या वस्तूंचं स्थिरचित्र, रंगांचे विरोध, खिडकीतून दिसणारं दृश्य. काही तास पूर्ण मोकळे, विषय मुलांचा. १९४३ मध्ये शिक्षकांसमोर तिने मुलांच्या चित्रांवर एक व्याख्यान दिलं, त्याचा मजकूर उरला आहे. सगळ्या मुलांना चित्रकार करायचं नाही, त्यांच्यातली सर्जनाची आणि स्वतंत्रपणे बघण्याची ताकद मोकळी करायची, असा त्याचा रोख. मोठ्यांनी घाईने वळण लावायला गेलं की मूल स्वतःचं बघणं सोडून देतं, हेही ती त्यात सांगते. चिझेक इथे स्पष्ट ऐकू येतो. त्याच वर्षी एका घराच्या तळघरात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं.

आणखी एक नियम होता. कागदावर मुलाने आपलं नाव लिहायचं. बहुतेक कागदांवर घर, गट किंवा वयही सापडतं. ज्या जागी माणसाची नोंद त्याला आणणाऱ्या वाहतुकीच्या क्रमांकाने होत होती तिथे या नियमाचं वजन वेगळं सांगायला नको. त्याचा व्यावहारिक फायदाही झाला. या सह्यांमुळेच नंतर चित्रं आणि मुलं यांची जुळणी करता आली.

२८ सप्टेंबर १९४४ ला पावेलला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. पाठोपाठ तिकडे कैदी नेणाऱ्या वाहतुकीत फ्रीडलने स्वतःहून नाव दिलं. ६ ऑक्टोबरला ती निघाली आणि ९ ऑक्टोबरला ऑशविट्झच्याच बिर्केनाऊ भागात तिची हत्या झाली. वर्गातली बहुसंख्य मुलंही मारली गेली. पावेल जिवंत राहिला. निघण्याआधी मुलांची चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. एल ४१० चे प्रमुख विली ग्रोग यांनी ती १९४५ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवली.

क्रेमरने पुढे काय नेलं

एडिथ क्रेमर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला गेली. १९५० पासून सात वर्षं ती विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत चित्रकला घेत होती. मुलं मारामाऱ्या, चोऱ्या, घरातली मोडतोड यांतून आलेली. १९५८ मध्ये त्या कामावर तिचं पुस्तक आलं. त्या काळची दुसरी मोठी विचारधारा मार्गारेट नॉमबर्गची होती. तिच्यात चित्र हे बोलण्याकडे, अर्थ लावण्याकडे नेणारं साधन. क्रेमरचं म्हणणं उलट. चित्र नीट घडवणं यातच उपचार आहे, आणि ते घडायला मदत करणं हे उपचारकाचं काम.

मूल साहित्याशी कसं वागतं याचे तिने पाच प्रकार केले. गिरगटणं, लिबलिबीत रंग फासणं असा चित्राआधीचा खेळ. शिंतोडे, आपटणं, फाडणं असा बेबंद उद्रेक. एकच साचा पुन्हा पुन्हा काढून स्वतःला झाकणं. चित्राच्या जागी निरोप देणारी खूण काढणं. आणि शेवटी, ज्यात आशय आणि रूप दोन्ही जमून येतात अशी घडलेली अभिव्यक्ती. ही मुलांची प्रतवारी नव्हे. एकच मूल एका तासात तीन प्रकारांतून जाऊ शकतं.

तिची ‘तिसरा हात’ ही कल्पना नवख्या शिक्षकाने पाठच करावी. मुलाने मातीचा घोडा केला आणि पाय वाकून पोट टेकायला लागलं. पाय जाड करून देणं म्हणजे घोडा आपला झाला. काही न करता बघत राहिलं तर घोडा कोसळतो आणि बहुतेक वेळा मूल तो स्वतःच चिरडून टाकतं. पोटाखाली मातीचा तात्पुरता ठोकळा सरकवायचा, माती टणक झाली की काढायचा. घोडा मुलाचाच राहतो. फ्रीडलच्या वर्गात क्रेमर मदतनीस होती, हे अशा जागी जाणवतं.

हाच पाठ आज घ्यायचा तर

सहा ते आठ मुलं, एक तास, एक मोठं माणूस आणि एक मदतनीस. प्रत्येकी वृत्तपत्रासारख्या स्वस्त कागदाचे दोन ए-३ ताव आणि वेष्टन काढलेला जाड मेणखडू. कोळसाही चालतो, पण हात काळे झालेले न सोसणारी मुलं जवळजवळ प्रत्येक गटात निघतात आणि त्यांचा सगळा तास हात पुसण्यात जातो.

पहिली पाच मिनिटं कागदाविना : उभं राहून, श्वास सोडताना हवेत हात फिरवायचा. मग दहा मिनिटं दोन्ही हातांनी एकदम रेघा. इथे कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला लावलेले हवेत. दोन्ही हात कामात असल्यावर कागद धरायला हात उरत नाही, तो सरकतो, मूल वैतागतं आणि शिक्षकाला वाटतं की त्याचं लक्ष नाही. ठेका टाळीचा आणि संथ ठेवावा. वेगवान संगीत लावलं की रेघा फक्त घाईच्या होतात, कागद फाटतात आणि गट बेबंद उद्रेकाकडे घसरतो.

पुढची पंधरा मिनिटं कोलाज : चार पोतांचे कागद, फाडून. पातळ कागदाला ओली खळ लावली की तो फुगतो आणि सुकताना सुरकुततो. खळ खालच्या जाड कागदावर लावावी आणि वाळेपर्यंत वर वजन ठेवावं. वीस मिनिटं साध्या वस्तूचं स्थिरचित्र किंवा मोकळं चित्र. शिक्षकाने फळ्यावर ‘असं काढा’ म्हणून दाखवलं तर आठही कागदांवर तेच येईल, म्हणून दाखवू नये. उरलेली दहा मिनिटं सगळे कागद भिंतीला टेकवून बघायचे. प्रश्न असे : सर्वात गडद जागा कुठली? नजर आधी कुठे जाते? ‘तुला काय वाटत होतं?’ हा प्रश्न पहिल्या काही तासांत नको. मूल त्याचं उत्तर शिक्षकाच्या चेहऱ्यावर शोधतं.

विणकाम जोडायचं असेल तर १५ बाय २० सेंटिमीटरचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा माग म्हणून पुरतो. वरच्या आणि खालच्या १५ सेंटिमीटरच्या कडांवर एकेक सेंटिमीटरवर, अर्धा सेंटिमीटर खोल अशा १४ खाचा. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, न ताणणारा सुती दोरा, खाचांमधून फक्त पुढच्या बाजूने नेला तर गाठींसह साडेतीन मीटर. लोकर ताण्याला घेऊ नये. ती ताणली जाते आणि विणताना मधेच सैल पडते. दोरा उलट फार कसला तर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, लहान मुलांसाठी दीड सेंटिमीटर रुंद कापडी पट्ट्या, आठ वर्षांपुढे लोकर. एका वेळी एक मीटरहून लांब धागा दिला की गुंता ठरलेला.

हमखास होणारा दोष म्हणजे मधे कंबर पडणं. मूल प्रत्येक ओळीच्या शेवटी धागा ओढून घट्ट करतं, दोन्ही कडा आत येतात आणि दहाव्या ओळीपर्यंत पट्टी डमरूसारखी दिसते. उपाय : धागा सरळ न नेता दोनेक सेंटिमीटर उंचीची कमान करून न्यावा आणि मग बोटांनी किंवा फणीने खाली बसवावा. जास्तीचा धागा ताण्याच्या वर-खाली जाण्यात खपतो, कडा जागेवर राहतात. दुसरा दोष, लागोपाठच्या दोन ओळी एकाच बाजूने वर-खाली जाणं. तो दिसला तर सांगावं, पण उसवायला लावू नये. उसवायचं की ठेवायचं, हे मूल ठरवेल.

विणकामाचं बळ इथेच आहे. शाईची रेघ मागे घेता येत नाही, विणलेली ओळ घेता येते. शिवाय ‘मला चित्र येत नाही’ ही अडचण सुरुवातीलाच गळून पडते. पण याच गुणाची दुसरी बाजू क्रेमरच्या तिसऱ्या प्रकारात बसते. काही मुलं तीच दोन रंगांची पट्टी आठवडेच्या आठवडे विणत राहतात, कारण तिथे काहीच निवडावं लागत नाही. पहिल्या दोन-तीन तासांत ही विश्रांती असते, तेव्हा राहू द्यावी. सहाव्या तासालाही तसंच चाललं असेल तर विणकाम बंद न करता एखादा वेगळ्या जाडीचा धागा नुसता जवळ ठेवून बघावा.

या प्रकरणातून काय मिळत नाही

फ्रीडलच्या वर्गाची परिणाम मोजणारी कुठलीही नोंद नाही. आहेत ती चित्रं, एक व्याख्यान आणि जिवंत राहिलेल्या विद्यार्थिनींच्या आठवणी. ‘चित्रकलेने मुलांना बरं केलं’ असं वाक्य यावर उभं करता येत नाही. त्या तासात मुलं काम करत होती, एवढं ठामपणे म्हणता येतं आणि तेही कमी नाही.

नावाचा नियमही जसाच्या तसा उचलता येत नाही. तेरेझीनमध्ये सही दिसणं गरजेचं होतं. आज उपचाराच्या संदर्भात काढलेलं चित्र मुलाच्या वैद्यकीय कागदांइतकंच खाजगी असतं. नाव, वय, तारीख, दिलेला पाठ आणि साहित्य हे मागे लिहावं. पुढची बाजू दाखवायची झाली तर मुलाची आणि पालकांची परवानगी हवी, आणि चित्राचा फोटो पालकांच्या गटात टाकणं यात बसत नाही.

कलाशिक्षक आणि प्रशिक्षित कलोपचारक यांतला फरक सर्वात जास्त कळतो तो मुलाने अचानक काही सांगितलं तेव्हा. हात विणत असताना तोंड सैल होतं. घरी मारतात, कोणी हात लावतो, मरावंसं वाटतं, अशी वाक्यं मान खाली घालून येतात. त्या वेळी चित्राचा किंवा रंगांचा अर्थ लावत बसू नये, खोदून विचारू नये, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन तर अजिबात देऊ नये. शांतपणे ऐकावं, सांगितलंस ते बरं केलंस एवढं म्हणावं. तास संपताच मुलाचे शब्द जसेच्या तसे, आपले न मिसळता, लिहून काढावेत आणि त्याच दिवशी संस्थेतल्या बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या माणसाकडे द्यावेत.